चुऱ्याचं वचन

“हे घे, ग्रेसला ने. आणि तुझं वचनपण हेच आहे बरं का. चुऱ्याचं!”

शैला मॅडम असं म्हणाल्या आणि हॉलमधल्या सगळ्या बायका हसल्या.

त्यांच्या हातात फॉइलची पुडी होती. पुडीत उरलेली पॅटिस. एक आख्खं, एक मोडलेलं, आणि बशीतून बोटाने ओढून घेतलेला चुरा. माझ्या दोन्ही हातांत उष्ट्या बशांची चळत होती, म्हणून त्यांनी ती पुडी सगळ्यात वरच्या बशीत ठेवली. उष्ट्यावर.

मीही हसले. हसत हसत स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला.

शैला मॅडमचं घर, खारघरचा पंधरावा मजला. शनिवारची संध्याकाळ. आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाची प्रार्थना नुकतीच संपली होती. त्या प्रार्थनेच्या शेवटी काय झालं ते आधी सांगायला हवं. क्रमाने सांगते. मला तशीच सवय आहे.

वर्षातून एकदा आमच्याकडे महिला रविवार असतो. त्या दिवशी सगळी उपासना बायका चालवतात. प्रार्थना बायकांची, गाणी बायकांची, पुलपिटवर उभं राहून द्यायचा संदेश, म्हणजे प्रवचन, तेही बाईचंच. त्या रविवारची सगळी यादी मी करते. खुर्च्या, माइक, फुलं, चहा, कोणी कधी उभं राहायचं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी डिस्पॅच बघते. कुठली गाडी कुठे लावायची, कुठला माल आधी भरायचा, कुठला ड्रायव्हर जेवायला म्हणून गेला आणि झोपला. यादी करणं मला जड नाही. पण त्या यादीत माझं स्वतःचं नाव दरवर्षी एकाच ओळीत. चहापाणी.

यंदा मात्र कमिटीत ठरलं होतं, संदेश मी देणार. कामोठ्यातली माझी शेजारीण एस्तेर, तिने नाव सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणून शैला मॅडमनीही. मी तयारीला लागले. रिक्षात बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवायची. रात्रीची भांडी झाली की ग्रेसला, माझ्या मुलीला, समोर बसवून बोलून दाखवायची. ती म्हणायची, “मम्मी, जरा हळू. ते काय ट्रकवाले आहेत का?” पन्नाशीला आलेल्या बाईला एवढा आनंद होऊ शकतो, हे मलाच माहीत नव्हतं.

आणि त्या शनिवारी आमेन झाल्यावर शैला मॅडमनी डोळे उघडले. म्हणाल्या, “प्रभूने माझ्या मनात घातलंय. संदेश यंदा रिबेकाने द्यावा.”

रिबेका त्यांची नवी सून. सीवूड्सला राहते. मंडळात अजून कोणाची नावंही तिला नीट ठाऊक नाहीत.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू शास्त्रवाचन कर. तुला कनानी बाईचा भाग दिलाय. नम्रतेचं वचन आहे. तुला शोभेल.”

बाकी सगळ्यांना त्या तुम्ही म्हणतात. मला तू.

प्रभूने मनात घातलं. या वाक्यापुढे आमच्यात कोणी बोलत नाही. बोलणार कसं? माणसाशी भांडता येतं. प्रभूशी कोण भांडणार? पण मी इतकी वर्षं बघतेय. प्रभू शैला मॅडमच्या मनात जे जे घालतो, ते त्यांना आधीपासून हवंच असतं. नाताळची सहल कुठे न्यायची, कॅरलमध्ये पुढे कोण उभं राहणार, चर्च चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या शेजारी कोण जेवणार. एकदाही प्रभूने त्यांच्या मनात घातलं नाही, की बाई, आज बशा तू धू.

बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात धुऊन जाते, असं आम्हाला शिकवलंय. शैला मॅडमचे पणजोबा देशस्थ ब्राह्मण होते. ते काही त्या पाण्यात धुतलं गेलेलं नाही. दर दोन भेटींत एकदा निघतंच. माझे आजोबा जालन्याकडच्या मांगवाड्यातून आले. ते मी सांगत नाही. सांगावं लागत नाही.

पुडी मी घरी नेली. टाकून द्यायला हवी होती. अन्न टाकवत नाही. ग्रेसने मोडलेलं पॅटिस उभ्याउभ्याच खाल्लं. म्हणाली, “मस्त आहे. एवढंच?”

तेवढ्यावरून मला बाप आठवला.

गावच्या मिशनच्या देवळात माझा बाप घंटा वाजवायचा आणि झाडलोट करायचा. देवळात पुढे बाकं होती, ती मास्तर लोकांची. मागे सतरंजी, ती आमची. नाताळला मास्तरीणबाईंच्या घरी सगळ्यांचा फराळ झाला की आम्हाला मागच्या दाराला बोलवायच्या. परातीच्या तळाशी राहिलेला करंजीचा चुरा माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकायच्या. मी बापाकडे बघायची. तो म्हणायचा, “घे बाई. आशीर्वाद हाय.”

त्याला लिहिता येत नव्हतं, पण बायबलमधली वचनं तोंडपाठ होती. सगळी खाली बसायची वचनं. शेवटच्या जागी बस. दुसरा गाल पुढे कर. जो स्वतःला नमवतो तो उंच होईल. बाप आयुष्यभर नमला. सतरंजीवरच मेला म्हटलं तरी चालेल.

आता तीच परात खारघरला आली होती. लिफ्टने.

घरात मी सांगितलं तर हे म्हणाले, “जाऊ दे ना. टेन्शन नको घेऊ. वाचन तर वाचन. देवाचंच काम आहे.”

“देवाचं काम आहे तर देवाने बदललं का?”

“आता तू देवाशी पण भांडणार?” असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तर वाचन. दिलेलं काम मी तयारी केल्याशिवाय करत नाही. सोमवारी ऑफिसात बायबल घेऊन गेले. दुपारी यार्डात गाड्या लागल्या, भरणी सुरू झाली, तेव्हा उघडलं.

गोष्ट लहान आहे. एक परकी बाई येशूच्या मागे ओरडत येते. माझी मुलगी आजारी आहे, दया कर. तो उत्तरच देत नाही. शिष्य म्हणतात, हिला घालवा, मागे मागे ओरडतेय. बाई जात नाही. पाया पडते. तो म्हणतो, मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही. ती म्हणते, खरं आहे प्रभू, पण मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातातच.

लहानपणापासून मी या भागावर कितीतरी संदेश ऐकलेत. सगळे इथे येऊन थांबतात. बघा, केवढी नम्रता! स्वतःला कुत्री म्हणवून घेतलं! आपणही असंच व्हावं. आमेन. चहा.

मी पुढची ओळ वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गाडीचे कागद तपासतात तसं. ही बाई कशासाठी आली होती? मुलगी बरी व्हावी म्हणून. झाली का? झाली. त्याच घटकेला. मग ती चुरा घेऊन गेली असं कोणी सांगितलं? ती मुलगी घेऊन गेली. चुरा हे तिचं मागणं नव्हतं. ते तिचं उत्तर होतं. त्याचाच शब्द उचलून तिने त्याच्यापुढे धरला. सरळ तोंडावर. आणि त्याने आपला नकार मागे घेतला. मोठा तुझा विश्वास, म्हणाला. हे तो तोंड बंद ठेवणारीला म्हणाला नाही. ओरडत राहिलेलीला म्हणाला.

ओरडू नको म्हणणारे शिष्य होते. रोज त्याच्याबरोबर जेवणारे. कमिटीचे लोक.

मला त्याचा रागही आला. येशूचा. एका आईला असं का बोललास? पाळक म्हणतात, ती परीक्षा होती. असेल. आमच्या घराण्याची परीक्षा आजोबांपासून चालू आहे, निकाल कोणी लावत नाही. ते कोडं माझ्याकडून सुटलं नाही, अजूनही सुटलेलं नाही. पण एक कळलं. माझ्या बापाला अर्धंच वचन शिकवलं होतं. उरलेलं अर्धं मास्तरांनी स्वतःच्या घरी ठेवलं होतं.

खिडकीबाहेर ड्रायव्हर ओरडत होता, “मॅडम, गाडी सोडू का?”

“सोड,” म्हटलं.

महिला रविवार आला. आमची मंडळी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये भरते. पांढऱ्या साड्या, मोगऱ्याचे गजरे. रिबेका पहिल्या रांगेत, हातात छापील कागद. माझी पाळी आली. मी वाचलं. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि खाली बसले नाही.

म्हटलं, “आजचा संदेश माझा होता. कमिटीत ठरलं होतं. तो मी देते.”

पुढून शैला मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, “बस खाली. प्रभूची उपासना चालू आहे.”

“मॅडम, हे प्रभूने माझ्या मनात घातलेलं नाही. माझं मीच ठरवलंय.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. लगेच गप्प झालं.

मी म्हटलं, “ही बाई चुरा मागायला आली नव्हती. मुलगी बरी करून घ्यायला आली होती, आणि करून घेऊन गेली. आपण तिचा चुरा तेवढा सांगतो. तिची मुलगी सांगत नाही.”

माइक बंद झाला. बटणांपाशी शैला मॅडमचे यजमान बसतात. ते आमच्या मंडळीचे पंच. पाठोपाठ कीबोर्डवर गाण्याचा सूर सुरू झाला.

माझं आयुष्य यार्डात गेलं. चालू इंजिनांच्या वर आवाज चढवून मी ड्रायव्हर बोलावते. मला माइक लागत नाही. मी बोलत राहिले. शिष्यांबद्दल बोलले. करंजीच्या चुऱ्याबद्दल बोलले. फॉइलच्या पुडीबद्दल बोलले, नाव न घेता, पण सगळ्यांना कळलं. कीबोर्डवाला थोडा वेळ वाजवत राहिला, मग त्याचे हात थांबले. माझं संपलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसले. आमेन कोणी म्हटलं नाही. एस्तेरनेही नाही. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

रिबेकाने कागद वाचला. विषय, नम्रता.

त्या दिवशी चहा मिळाला नाही. माझ्या नावापुढे चहापाणी आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि ते मी केलं नव्हतं. दारात शैला मॅडम भेटल्या. म्हणाल्या, “प्रभू तुला क्षमा करो.”

“मी मागितलेली नाही, मॅडम.”

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब कामोठ्याला घरी आले. माणूस वाईट नाही. ऐकतो सगळ्यांचं, वागतो पंचांसारखं. पाणी प्यायले, ग्रेसची चौकशी केली. मग म्हणाले, “ताई, माफीच्या दोन ओळी बोला. विषय मिटवू. तोपर्यंत तुम्ही प्रभुभोजन घेऊ नये, असं पंचांचं मत आहे.”

“मी खोटं काय बोलले?”

“खोटं नाही हो. पण पद्धत असते ना.”

प्रभुभोजन म्हणजे आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी येणारी भाकर आणि प्याला. त्यावाचून ठेवणं म्हणजे मंडळीत असून नसल्यासारखं. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्यालाही आमच्या पंचांनी कधी थांबवलेलं मला आठवत नाही.

शाळेचं टेबल हेच आमचं मेज. त्यावर दर पहिल्या रविवारी पांढरं कापड मी अंथरते. धुते मी, इस्त्री मी करते, छोटे ग्लास मी पुसून लावते. म्हणून विचारलं, “आणि मेज कोणी लावायचं?”

पाळकसाहेब म्हणाले, “ती तुमची सेवा आहे, ताई. ती कशाला थांबवायची?”

म्हणजे मेज मी लावायचं. जेवायचं मी नाही. खालचा चुराही नाही.

ते गेल्यावर कपाटातून कापड काढलं. इस्त्री केलेलंच होतं. ग्लासांचा डबा आणि शाळेच्या कपाटाची किल्ली एका पिशवीत घातली आणि खारघरला शैला मॅडमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे देऊन आले. चिठ्ठी लिहिली नाही. मेज ज्यांचं आहे त्यांनी लावावं.

हे म्हणतात, दुसऱ्या देवळात जाऊ, पनवेलला आहे की. मी जाणार नाही. एस्तेर जिन्यात भेटली की घाईत असते. असू दे. ग्रेसने एवढंच विचारलं, “मम्मी, मी येऊ तुझ्याबरोबर?” म्हटलं, ये. पण माझ्या मागे उभी राहू नको. शेजारी राहा.

उद्या पहिला रविवार आहे. रांग लागेल तेव्हा मी उठणार. मागून नाही, मधून. मेजापाशी जाणार आणि हात पुढे करणार. नाही म्हणायचं असेल तर पाळकसाहेबांनी भाकर हातात धरून, सगळ्या मंडळीसमोर, माझ्या तोंडावर म्हणावं. म्हणाले तरी मी तिथून हलणार नाही. माझ्याकडे उत्तर आहे.