गोलात बसायची शिकवणी

आमच्या अहवालाच्या फॉर्मात ‘आलेल्या अडचणी’ असा एक रकाना असतो. दोन ओळींचा. तेवढ्यात मावेल अशी अडचण आमच्याकडे आजवर आलेली नाही. मग मी पानाच्या मागे लिहायला लागले, पुढे जोडपानं लावायला लागले, आणि एके दिवशी ऑफिसातून निरोप आला की बाई, कृपया मागच्या बाजूला लिहू नका, स्कॅन होत नाही. तेव्हापासून हे किस्से माझ्याकडेच साठत गेलेत. चहाला कुणी आलं की एकेक बाहेर पडतो.

काम तसं साधं. डोलवीच्या बाजूला कंपनीत कंत्राटावर काम करणारी माणसं बिहार, झारखंड, ओडिशा, कुठून कुठून येतात. आसपासच्या गावांत खोल्या घेतात. पुरुष शिफ्टला जातात आणि बायका खोलीत बसतात. दोन दोन वर्षं भिंतीला भिंत लागून राहतात, पण शेजारणीचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. एका संस्थेनं ठरवलं की याच भागातल्या काही लोकांना तयार करायचं. त्यांनी दर रविवारी बालवाडीच्या खोलीत या नव्या बायकांबरोबर गोलात बसायचं आणि गप्पा घडवून आणायच्या. घडवून आणायच्या, आपणच मारत सुटायच्या नाहीत. हा फरक शिकवायचं काम माझं. मी रोह्याची, शाळेतून निवृत्त झालेली. शनिवारी रोह्याला शिकवणी आणि रविवारी वडखळच्या पुढे प्रत्यक्ष गोल, असा दोन वर्षं माझा रतीब होता.

माझे विद्यार्थी तीन. हिराबाई खाडीकाठच्या, अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं, आवाज उघड्यावर बोलायच्या सवयीचा. गुरुजी कोलाडकडचे, घरची भातशेती आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. तिसरा नंदू. तो पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो.

आणि गोलात एक बसंती होती, ओडिशाची. पहिल्या रविवारी तिचा नवरा तिला सोडायला आला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, इसका मन नहीं लगता. जून में बेटी का स्कूल है. तब तक नहीं लगा तो दोनों को गाँव भेज दूँगा.” म्हणजे पोरगी तिकडे, बाप इकडे. बसंती पाच वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन दाराशेजारी बसायची. एकही रविवार चुकवला नाही आणि एक शब्द बोलली नाही. खरं सांगते, बाकीच्या बायका बोलायला लागल्या तरी माझा जीव तिच्यातच अडकलेला असायचा.

*

संस्थेनं दिलेल्या पुस्तिकेतला पहिला नियम असा होता की नव्या माणसाची उलटतपासणी करायची नाही. गाव, आडनाव, जात, नवऱ्याचा पगार, काहीही विचारायचं नाही. आमच्याकडे तर पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी ‘कुनाची गो तू?’ विचारतात. त्याशिवाय पाणी देणाऱ्यालाच घोट उतरत नाही.

हिराबाईंनी नियम नीट ऐकून घेतला. रविवारी बिहारच्या एका मुलीशी बोलायला बसल्या. लग्नात पहिली हळद कोण लावतं? नवरदेवाच्या डोक्यावर छत्री धरतात का? देवाला कोंबडा चालतो का नारळच? घरात मासळी कुठल्या वारी बंद? अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत सगळं चाललं होतं. ती मुलगीही हौसेनं सांगत होती.

परत येताना मी म्हटलं, “हिराबाई, चांगलं बोललात.”

“मंग,” त्या म्हणाल्या, “पोर भल्या घरची हाय. शेतकऱ्याची. चार भाऊ, बाप नाय, आन् जात आपल्यावानीच मधली.”

“अहो, विचारायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?”

“मी कुठं इचारली? मी हळदीचं इचारलं.”

पुस्तिकेत हळदीबद्दल खरोखरच काही नव्हतं.

*

दुसरा नियम शांततेचा. प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही. समोरच्याला शब्द जुळवायला वेळ मिळतो. शहरात हे जमत असेल. आमच्याकडे चार माणसं बसलीत आणि कुणी बोलत नाही म्हणजे काहीतरी झालेलं असतं. हिराबाई चारच्या पुढे कधी जायच्या नाहीत. “इतका येल गप ऱ्हायलं तं बाहेरच्याला वाटंल, हितं कोन गेलं,” असं त्यांचं म्हणणं.

गुरुजींना मात्र नियम म्हणजे नियम. त्यांनी गोलात विचारलं, “इथे आल्यावर पहिल्यांदा काय वेगळं वाटलं?” आणि डोळे मिटले. मांडीवर बोटं आपटत मोजणी सुरू. सहा झाले, सात झाले. मी सगळ्यांकडे बघत होते. आठ. दाराशेजारी बसंतीची मान वर आली. नऊ. तिचे ओठ उघडले.

“दहा,” गुरुजी म्हणाले. “वेळ संपली. पुढचा प्रश्न.”

बसंतीनं ओठ मिटले आणि मुलीच्या वेणीशी चाळा करत बसली. मला इतका राग आला की वडखळच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना मी गुरुजींशी अवाक्षर बोलले नाही.  नागोठणं गेल्यावर तेच हळूच म्हणाले, “पस्तीस वर्षं घंटेवर काढली हो बाई. घंटा झाली की मला थांबताच येत नाही.” मग रागही धरून ठेवता आला नाही.

*

बसण्याचाही एक नियम होता. सगळ्यांनी एकाच उंचीवर बसायचं, म्हणजे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. बालवाडीत छोट्या लाल खुर्च्या होत्या. आम्ही त्या गोल मांडल्या आणि ऐटीत बसलो. पण समोर गुरुजी! पिकलेले केस, चष्मा, खिशाला पेन. त्यांच्या बरोबरीनं खुर्चीवर कोण बसणार? सगळ्या बायका डोक्यावर पदर घेऊन जमिनीवर बसल्या.

मग आम्हीही जमिनीवर उतरलो. आम्ही सतरंजीवर आलो तशा त्या सतरंजी सोडून फरशीवर सरकल्या. आम्ही फरशीवर गेलो, तर त्या भिंतीला टेकल्या. गोलाचा पार चौकोन झाला. आणखी थोडं ताणलं असतं तर त्या अंगणात गेल्या असत्या.

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, “मी उठतो, मग तुम्ही नीट बसा.” आणि त्यांना उठता येईना. गुडघे दोन्ही. एक हात नंदूनं धरला, तो पुरेना. कुणी हात लावायचा हा बायकांना प्रश्न पडला. परका पुरुष, वयानं मोठा. तेव्हा बसंती मुलीला खाली ठेवून आली, पदर कमरेला खोचला, गुरुजींच्या काखेत हात घातला आणि पोतं उचलावं तसं त्यांना उभं केलं. मग सगळ्या जणी धावल्या. त्या दिवशी खोलीत पहिल्यांदा हसू फुटलं, आणि सगळ्यात जास्त गुरुजी हसले. पुढच्या रविवारपासून गुरुजी खुर्चीवर आणि बाकी सगळे खाली. समानतेच्या रकान्यात मी ‘गुडघे’ एवढंच लिहिलं.

*

नंदू शिकवणीत सगळ्यात मागे. प्रश्न विचारायची वेळ आली की कान लाल व्हायचे. एका रविवारी तो कारखान्यातून शाडूचा एक उंदीर घेऊन आला. मुठीत मावेल एवढा, न रंगवलेला. “ज्याच्या हातात उंदीर, त्यानंच बोलायचं,” म्हणाला, आणि स्वतःच्या हातातला उंदीर घाईघाईनं शेजारणीकडे दिला.

युक्ती भलतीच चालली. झारखंडच्या एका बाईनं तो उंदीर हातात घेऊन तिच्या गावच्या तळ्यापासून सुरुवात केली ती सासूच्या आजारपणापर्यंत आली. हिराबाई दोनदा मध्ये बोलायला गेल्या, तर तिनं उंदीर वर करून दाखवला. हिराबाईंना कुणी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

उंदीर फिरत बसंतीकडे आला. तिनं तो बराच वेळ धरला. उलटा केला, सुलटा केला, तोंडाजवळ नेऊन पाहिला.  तिनं मुलीच्या गालावरचा काजळाचा ठिपका करंगळीवर घेतला, उंदराच्या तोंडावर दोन्ही बाजूंना एकेकदा टेकवला आणि उंदीर पुढे दिला. बोलली नाहीच.

गोल संपल्यावर नंदूनं तो उजेडाला धरला. “बाई, डोळा बघा,” तो म्हणाला. “मला हे शिकायला तीन वर्षं गेली. हिनं पहिल्या झटक्यात बरोबर जागी ठेवलाय.” तो उंदीर त्यानं नंतर कधी रंगवला नाही, तसाच ठेवला आहे.

*

आमचं काम तपासायला एकदा ऑफिसातून एक मुलगी आली. माझी एसटी त्या दिवशी उशिरा पोचली, त्यामुळे पुढचा प्रकार घडला. तोंडाला स्कार्फ, पाठीला बॅग, दारात घुटमळणारी परकी पोर! हिराबाईंनी तिला हाताला धरून आत आणलं आणि गोलात बसवलं.

ती म्हणे सांगायला लागली होती, “मी तुमचं काम बघायला...”

“व्हय व्हय, बघ ना. आदी बस. पानी पी.” आणि मग हिराबाईंनी आयुष्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न विचारला. “नव्या जागंला आल्यावं पयलं नाव कुनाचं समजलं तुला?” विचारून गप्प बसल्या. खरंच गप्प बसल्या. गुरुजी साक्षीला आहेत.

मी पोचले तेव्हा ती मुलगी स्कार्फ सोडून रडत होती. तीन महिन्यांपूर्वी ती पनवेलला राहायला आली होती. सहाव्या मजल्यावर फ्लॅट, आणि अख्ख्या इमारतीत एकाचंही नाव तिला माहीत नव्हतं. परवा ताप आला तर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. हिराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बसंतीनं आपल्या लेकीची पाण्याची बाटली त्या पोरीकडे सरकवली होती. आता ही कोण आहे ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

जाताना ती हिराबाईंना विचारून गेली की पुढच्या रविवारी आलं तर चालेल का. तपासणीचा फॉर्म माझ्याकडे कोराच राहिला.

*

मे महिन्याचा शेवटचा रविवार. बसंतीचं बुधवारचं तिकीट काढलेलं होतं. नवऱ्यानं मला फोन करून सांगितलं, “मॅडम, आपने बहुत किया.” ते ऐकून जास्तच वाईट वाटलं.

त्या दिवशी आम्ही काही शिकवायचं नाही, विचारायचं नाही असं ठरवलं. हिराबाई निरोपाची ओटी भरायला नारळ, तांदूळ आणि हिरवा खण घेऊन आल्या होत्या. गुरुजींनी मुलीसाठी पाटी आणली. नंदूनं काहीच आणलं नव्हतं आणि तो त्याबद्दल स्वतःवरच चिडला होता. हिराबाईंनी पिशवीतून नारळ काढून मांडीवर घेतला, एवढ्यात दारात एक नवी बाई येऊन उभी राहिली. उत्तर प्रदेशातली, चार दिवसांपूर्वीच आलेली. डोक्यावर पदर, पायांत नव्या चपला. उंबऱ्याच्या आत यावं की नाही तिला कळेना.

आम्ही चौघं तयार झालेली माणसं. तिला वेळ द्यायचा, घाई करायची नाही, आपण पुढे पुढे करायचं नाही. त्यामुळे चौघंही नुसते तिच्याकडे प्रेमानं बघत राहिलो. ती आणखीनच घाबरली. चपला बाहेर काढल्या आणि तिथेच उभी.

“चपला आत घे गो बाय,” दाराशेजारून आवाज आला. “हितला कुत्रा नेतो.”

आमच्या माना एकदम वळल्या. बसंती बोलली होती. खाडीकाठच्या बोलीत, अगदी हिराबाईंच्याच चालीवर. बसंतीच्या हाताची खूण समजून नव्या बाईनं चपला उचलून आत भिंतीशी ठेवल्या. बसंतीनं मुलीला मांडीवर ओढून शेजारी जागा केली आणि ती बाई तिथे बसली. जरा वेळानं तिनं बसंतीकडे झुकून हळू आवाजात विचारलं, “दीदी, आप यहीं की हैं?”

बसंतीनं आमच्याकडे पाहिलं नाही. तिनं मुलीची वेणी सोडली, पुन्हा घालायला घेतली.

“व्हय,” ती म्हणाली.

हिराबाईंनी मांडीवरचा नारळ हळूच पिशवीत ढकलला आणि पिशवी पाठीमागे सरकवली.