लंकाबाईची उभी ज्वारी

लंकाबाईला स्वतःच्या रानातली ज्वारी उभी असताना पाहायची होती. बास, एवढंच. पन्नाशी ओलांडलेल्या बाईची एवढी साधी इच्छा, आणि ती माझ्यामुळे राहून गेली. गोल गोल फिरवून सांगायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी मालन. नगरजवळ केडगावला राहते. एकतीस वर्षं दस्तनोंदणीच्या कार्यालयात कारकून होते. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, भाडेकरार, असल्या कागदांवर शिक्के मारता मारता केस पांढरे झाले. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी निकिता बंगळूरला. खाली मी राहते आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने देते. पेन्शन आहे, भाड्यावाचून काही अडत नाही. पण वर पावलं वाजली की घरात माणूस आहे असं वाटतं. भाडेकरू मात्र माझ्याकडे टिकत नाहीत. जिन्यात चप्पल वेडीवाकडी दिसली तरी मी बोलते, आणि एकदा बोलायला लागले की माझं मलाच आवरत नाही.

लंकाबाई आली ती जूनमध्ये, नात सुकन्याला घेऊन. गाव पाथर्डीच्या पुढे, डोंगराकडेला. पोरीला अकरावीला नगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, वसतिगृहाच्या यादीत मात्र नाव नव्हतं. मुलगा आदिनाथ आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. लंकाबाईही त्यांच्याबरोबर जायची, पण यंदा कंबर धरली होती. म्हणून तिला पोरीजवळ ठेवायचं ठरलं. मी नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांचा करार केला आणि सगळी कलमं मोठ्याने वाचून दाखवली. माझ्यापुढे कोणी न वाचता सही केलेली मला खपत नाही. लंकाबाईने मान खाली घालून सगळं ऐकलं, अंगठा उठवला आणि विचारलं,

"मंग पट्टा कवा पडतो?"

मला काही कळेना. सुकन्या हसून म्हणाली, "कारखान्याचा सीझन संपला की आमच्यात पट्टा पडला म्हणतात. मग घरी जायचं असतं. आजी मुदत विचारतेय."

"मे महिन्यात," मी म्हणाले.

"बरं हाय," ती म्हणाली. "शबुद दिला म्हंजी दिला."

तेव्हा मला हसू आलं होतं.

वरच्या खोलीत तिने एक खिळासुद्धा ठोकला नाही. कपाट रिकामं, आणि कपडे गाठोड्यात. मी म्हटलं, अगं, हे घर आहे, कोपी नाही. कोपी म्हणजे तोडणीवाले उसाच्या फडाजवळ पाचटाची झोपडी बांधतात ती. ती म्हणाली, मला दोनच प्रकार ठाऊक, ताई, गावचं घर आन् कोपी. आता हे घर मपलं गावचं तर न्हाई.

सवय तिची अशी की उजाडायच्या आत उठायची, भाकरी थापायची आणि सात वाजता मला दोन आणून द्यायची. मी आधी नको नको म्हणाले. मग सात वाजून पाच मिनिटं झाली की जिन्याकडे बघू लागले. संध्याकाळी ती खाली पायरीवर येऊन बसायची. मी माझ्या साहेबांची गाऱ्हाणी सांगायची, ती तिच्या ऊसतोडीच्या मुकादमाची. वर्षानुवर्षं मनात साठलेलं मी त्या बाईजवळ ओकून टाकलं. निकिताशी फोनवर दहा मिनिटांत बोलणं संपतं, हिच्याशी संपायचं नाही.

ज्वारीचं तिने मला दिवाळीत सांगितलं. आदिनाथ आणि सून कोल्हापूरकडे गेले होते, सुकन्या आत अभ्यास करत होती.

लग्न होऊन आली त्याच वर्षी तिला फडावर नेलं. तेव्हापासून अडतीस हिवाळे. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन. भादव्यात ज्वारी पेरायची, दसरा झाला की ट्रकात बसायचं, आणि परत यायचं ते चैत्रात. तोवर दीर गहिनीनाथने, तिच्या गहिनानाने, ज्वारी काढून, मळून, पोती घरात लावलेली असायची. बाहेर कडब्याची गंजी.

"म्या पेरती, म्या खाती," ती म्हणाली, "पन उभी कवा बघितली न्हाई. दुसऱ्याची लई बघितली, ट्रकातनं. मपली न्हाई."

"मोबाईलवर फोटो मागव की."

"फोटूत वाजती का ती? दीर म्हनतो, वाळाया लागली की समदं रान वाजतं." मग जरा लाजून म्हणाली, "मला राखनीला बसायचंय. रानातल्या उंच माळ्यावर बसून पाखरं हानायची. एका दिसाचं न्हाई, काढनीपातूर."

पण पोरीला एकटीला सोडून कशी जाणार? सुकन्याची सोय झाली तर, असं ती म्हणायची. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच ती हिवाळ्यात गावापासून दोन तासांवर होती. कधीकधी गच्चीवर जाऊन पाथर्डीच्या रस्त्याच्या दिशेला तोंड करून उभी राहायची. मी खालून हाक मारायची, चहा निवतोय म्हणून.

संक्रांतीच्या दिवशी वसतिगृहाची शेवटची यादी लागली. सुकन्याचं नाव होतं. पोर दुसऱ्याच दिवशी पेटी घेऊन गेली. सतरा जानेवारीला सकाळी सात वाजता लंकाबाई खाली आली. हातात भाकरी होती, काखेत गाठोडं आणि बोटात किल्ली अडकवलेली.

"येते, ताई. पोरीची सोय झाली. गहिनानाचा फोन आल्ता, दाना भरलाय."

असा आनंद मी त्या बाईच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, ही मला सोडून चालली, आणि सांगते आहे कधी, तर गाठोडं काखेत मारल्यावर. डोक्यात तिडीक गेली.

"हा काय पोरखेळ आहे?" मी म्हणाले. "करारात काय लिहिलंय? मुदतीआधी जायचं तर एक महिना आधी सांगायचं. असं मधेच उठून जाता येत नाही."

"महिना?"

"महिना. वाचून दाखवलं होतं मी."

आता खरं सांगते. एकतीस वर्षांत मी हजारो भाडेकरार पाहिले. नोटिशीचा महिना इमानेइतबारे पाळणारा भाडेकरू एकही पाहिला नाही. लोक भांडतात, डिपॉझिटमधून कापून घ्या म्हणतात, रडतात, नाहीतर रातोरात टेम्पो आणतात. मला वाटलं हीदेखील दोन शब्द बोलेल. मी चार बोलेन. मग मी म्हणेन, जा बाई जा, आणि डोळे पुसेन. मला तेवढंच हवं होतं. कोणीतरी माझ्या घरातून जाताना जरा अडखळावं.

लंकाबाईने भाकरी ओट्यावर ठेवली, किल्ली मुठीत घेतली आणि जिना चढून वर गेली.

मला नंतर कळलं की त्यांच्यात मुकादमाला शब्द देऊन मधेच उठून आलेल्या नवराबायकोच्या जोडीचं नाव वर्षानुवर्षं निघतं. पळून आले म्हणतात. पोराबाळांची लग्नं जमवताना ते बोललं जातं. लंकाबाईची आई वारली तेव्हा ती फडावर होती. निरोप आला, आणि ती दुपारपर्यंत मोळ्या बांधत होती, कारण गाडी भरायची होती. तिच्या लेखी मी मुकादम झाले होते आणि माझ्या वरच्या खोल्या फड. नोटीस म्हणजे नुसती म्हणायची गोष्ट असते, हे तिला कोण सांगणार? सांगायचं ते मीच.

दुसऱ्या दिवशी माझा राग गेला होता. सात वाजता भाकरी आली. मी म्हणू शकले असते, जा गं, मी काल उगाच बोलले. शब्द ओठांवर होते. पण संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसली, आणि मला वाटलं, राहूदे की, चार दिवसांनी सांगू. ज्वारी काय पळून जाते का? माझ्या डोक्यात होळीपर्यंत ज्वारी उभी असते असं होतं. शेत मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं. चार दिवसांचे आठ झाले. एक दिवस जाऊन ये, असंही मी कधी म्हणाले नाही. गेली की परत येणार नाही, अशी भीती मला वाटत होती. ही भीती मी स्वतःलासुद्धा तेव्हा सांगितली नव्हती.

तो महिना माझा फार चांगला गेला, हे लिहिताना लाज वाटते. सुकन्या नव्हती, म्हणून लंकाबाई दिवसभर माझ्याकडेच. तिने माझ्या चादरी धुतल्या, शेवग्याच्या शेंगांची आमटी शिकवली, माझे गुडघे चोळून दिले. मधूनच विचारायची, "आज तारीख कंची?" मी वैतागून म्हणायची, तारीख विचारून तारीख पुढे सरकते का? ती हसायची.

सतरा फेब्रुवारीला मी तिच्याबरोबर निघाले. म्हटलं, सोडायला येते. मनात होतं, की आपणही तिच्या रानात बसू, ती पाखरं हाकलेल, आपण बघू. तेवढ्याने माझं पाप फिटेल. एसटी नगर सोडून पुढे गेली तशी दोन्ही बाजूंना ज्वारी दिसू लागली, पिवळी पडलेली, पण उभी. माझा जीव भांड्यात पडला.

"बघ, अजून उभी आहे," मी म्हणाले.

"व्हय," लंकाबाई म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती.

करंजीचा घाट उतरलो आणि रानं बदलली. मुरमाड, हलकी जमीन. तिथे ज्वारी लवकर येते, हे मला त्या दिवशी कळलं. एक रान मोकळं, दुसरं मोकळं, तिसऱ्यात पेंढ्या. पाथर्डीला जीपमध्ये बसलो, गावात उतरलो. घरात न जाता ती मला सरळ रानात घेऊन गेली. तीन एकरांत ज्वारीचं एक ताट उभं नव्हतं. उपटलेल्या ज्वारीची भोकं तेवढी जमिनीत राहिली होती. मधोमध राखणीचा माळा होता आणि त्यावर कोणी नव्हतं.

लंकाबाईने खाली वाकून एक पडलेलं कणीस उचललं, पदराने पुसलं आणि हातात धरून ठेवलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"चार दिस झालं. गहिनानानं इचारलं, काढू का? म्या म्हनलं काढा. पाखरं लई झाल्ती, दाना गळाया लागल्ता. ठिवून कसं चाललं?"

"चार दिवस? मग मला का नाही सांगितलंस? मी त्याच मिनिटाला सोडलं असतं तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

"तुमचा महिना व्हायचा हुता की, ताई," ती म्हणाली.

मी तिथेच बांधावर बसले आणि रडले. तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. घरी नेऊन नव्या ज्वारीची भाकरी खाऊ घातली आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून दिलं.

पुढचं वर्ष म्हणजे हे वर्ष. सुनेला जुलैत मुलगा झाला. तान्हं लेकरू फडावर न्यायचं तर सांभाळायला माणूस हवं. सुकन्या वसतिगृहात, म्हणजे लंकाबाई मोकळी. दसरा झाला की ती ट्रकात बसणार आहे. आदिनाथने मुकादमाला शब्द दिला आहे. मी फोनवर भांडले. म्हणाले, बाळाला घेऊन माझ्याकडे राहा, भाडं नको, करार नको, हवं तेव्हा ये, हवं तेव्हा जा. ती म्हणाली, अंगावरचं लेकरू आईपासून कसं तोडू? बरोबरच होतं तिचं. वरच्या खोल्या मी फेब्रुवारीपासून कोणाला दिलेल्या नाहीत.

काल पुन्हा तिचा फोन आला. ज्वारी पेरून झाली म्हणाली, ओल चांगली आहे. मी म्हटलं, मी जानेवारीत तुझ्या गावाला जाऊन येऊ का?

ती म्हणाली, "जावा की. माळ्यावर बसा. आन् मला सांगा, कशी दिसती."

मी हो म्हणाले. जाणार आहे. पण ज्वारीतलं मला ओ का ठो कळत नाही, आणि तिथे बसून मी तिला काय सांगणार आहे, ते मला माहीत नाही.