कापूस येण्याआधीचे पटांगण

समितीने दिलेली मुदत केव्हाच टळली आणि हा लेख आता पोचतो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण उशीर त्यामुळे झाला नाही. लिहायला बसलो की राग येत होता आणि पान फाडावे लागत होते. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात राग लिहू नये, एवढे मला कळते. तरी जे आहे ते आहे.

आदरणीय वामनरावजींना, म्हणजे आपल्या सर्वांच्या नानाजींना, मी प्रथम पाहिले ते हिंगणघाटला, त्यांच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, फाटकावर. मी चौकीदारीचे काम मागायला गेलो होतो. त्यांनी शिक्षण विचारले नाही, जात-गाव विचारले नाही. "बिडी ओढता का?" एवढेच विचारले. मी नाही म्हटल्यावर फाटकाची किल्ली हातात दिली. कापसाच्या आवारात ठिणगी काय करते हे समजणारा माणूस त्यांना हवा होता. तेव्हापासून मला झोपेतसुद्धा जळका वास येतो.

नानाजींनी आपल्या नातवासाठी नागपूरहून एक जुनी कार्ट आणली होती. कार्ट म्हणजे शर्यतीची बुटकी गाडी. तिला ना टप, ना दार. बसणारा भुईला टेकल्यासारखा. नातू दोन फेऱ्यांत कंटाळला. माझी नात पायल तेव्हा माझा डबा घेऊन येत असे. ती गाडीभोवती घुटमळते हे नानाजींनी पाहिले आणि तिला बसवले. मी नको नको म्हणत राहिलो. कापूस संपल्यावर रिकामे पडणारे सिमेंटचे पटांगण त्यांनी तिला देऊन टाकले. कामावरच्या बाया हसायच्या. "बुढ्याची नात घोरपडीवानी भुईले चिकटून पळते," म्हणायच्या.

वळणावर गाडी आदळू नये म्हणून आम्ही पोत्यांत जिनिंगचा टाकाऊ कापूस भरून ती रांगेने लावली. आम्हाला दुसरे काय सुचणार? पायल गाडीसकट त्यात शिरली आणि तापलेला सायलेन्सर कापसाला लागला. पोते वरून पांढरेच होते, आतून धुमसत होते. मी बादली घेऊन धावलो आणि पोरीवर ओरडलो. नानाजी माझ्यावर रागावले. "तिले काऊन बोलता? पोते तं आपणच भरले ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उन्हात उभे राहून तिथे जुने टायर लावून घेतले.

नागपूरच्या पहिल्या शर्यतीत पायल सगळ्यांत शेवटी आली. परतताना जिनिंगच्या गाडीत ती रडत होती. नानाजी म्हणाले, "शेवटी होती म्हणजे समद्यांची पाठ पाहून आली ना व. आता सांग, कोन कुठं चुकला?" पोरगी डोळे पुसून सांगू लागली, ती हिंगणघाट येईपर्यंत थांबली नाही. त्यानंतर संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून, प्रत्येक फेरीला रुमाल हलवत नानाजी बसू लागले. पुढे हैदराबादला ती सहावी आली, कोईमतूरला दुसरी. आता लहान गटाची शेवटची शर्यत राहिली आहे. त्यात पहिल्या तिघांत आली तर एक संघ तिला पुढच्या वर्षी स्वतःची गाडी देणार आहे. नाही आली तर आमची एवढीच धाव.

आता रागाचे लिहितो. नानाजी आजारी पडले, सावंगीच्या दवाखान्यातून घरी आले, आणि थोरले चिरंजीव अविनाशभाऊ यांनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली. चौकीदारी तेवढी राहिली, तीही फाटकाबाहेर बसून. पटांगणात आता ट्रक उभे राहतात. कार्ट गोदामात पडून आहे. चौकात मात्र पायलच्या नावाचे मोठे फ्लेक्स लागले आहे. त्यावर अविनाशभाऊंचा फोटो केवढा, आणि पोरीचा कोपऱ्यात. हेच अविनाशभाऊ गौरव समितीचे अध्यक्ष आहेत, आणि "नानाजींचे क्रीडाप्रेम" या विषयावर लिहा, असा निरोप त्यांनीच मला पाठवला. फाटकाला कुलूप घालायचे आणि चौकीदाराकडून फाटकाची स्तुती लिहून घ्यायची, ही कुठली रीत?

मी नानाजींना भेटायला गेलो होतो. त्यांनी पहिले विचारले, "पोरगी चालवून राह्यली ना?" मी तोंड उघडण्याआधी अविनाशभाऊ म्हणाले, "हो बाबा, रोज." नानाजी हसले आणि उशाचा रुमाल चाचपू लागले. बाहेर आल्यावर मला बजावण्यात आले, "बाबांले काही सांगू नका, त्यांचा जीव नाजूक आहे." जीव नाजूक आहे हे मलाही कळते. म्हणून तर मला रोज भीती वाटते, की हे त्यांना परक्याच्या तोंडून कळले तर काय होईल.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागतील. मग मीच पायलला पेट्रोलची गाडी घेऊन आत येऊ देणार नाही, आणि नानाजीही देणार नाहीत. जे दिवस आहेत ते आताचेच.

नानाजींना उदंड आयुष्य मिळो, पायात बळ येवो, आणि त्यांची खुर्ची पुन्हा फाटकाशी लागो. ते छापलेले अक्षर न् अक्षर वाचतात, हे समितीला माहीत आहे. तेव्हा माझा लेख कापायचा असेल तर कापा, माझी तक्रार नाही. पण ग्रंथ त्यांच्या हातात पडण्याआधी कुलूप निघाले तर त्यांना खोटे ऐकवले असे होणार नाही. काय ते लवकर कळवा. पायल शाळा सुटली की हेल्मेट घेऊन फाटकाबाहेर माझ्याजवळ येऊन बसते. तिला काय सांगू, एवढे तरी कळवा.