चौदा ओळींची जागा

कोशाच्या कचेरीत त्याला सगळे कात्री म्हणत. राजा असो की रोगजंतू, कोणाचीही नोंद ठरलेल्या ओळींत बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण सरांच्या चौदा ओळी त्याने दोन वर्षं घोटल्या होत्या, आणि मृत्यूच्या तारखेपुरती जागा कोरी ठेवली होती.

सर म्हणजे कोशाचे जुने संपादक. पस्तीस वर्षं त्यांनी इतरांची आयुष्यं खंडांत घातली. स्वतः मात्र कुठेच नव्हते. जिवंत माणसाची नोंद घ्यायची नाही, हा नियमही त्यांचाच. त्यांच्या आडनावाच्या अक्षराचा खंड आज पाच वाजता छापखान्यात जाणार होता, पुरवणी निघणार नव्हती, आणि सर पंधरा दिवस दवाखान्यात बेशुद्ध होते.

"बाई, फक्त तारीख तेवढी नाही," सकाळी त्याने मुख्य संपादकबाईंची मनधरणी करून पाहिली.

"मग नोंदही नाही. सरांचा नियम सरांसाठीच मोडू? उद्या त्यांना काय तोंड दाखवू? ती जागा पुढच्या बेडकाच्या नोंदीला द्या."

बेडकाला बिचाऱ्याला कसलाच नियम आड येत नव्हता. चार वाजता तो दवाखान्यात पोचला. काकू, म्हणजे सरांची बायको, दारातच भेटल्या. कितीतरी दिवसांनी त्या हसत होत्या.

"अरे, शुद्धीवर आलेत. दोन चमचे दूधही प्यायले. डॉक्टर म्हणाले, धोका टळला."

कात्रीचा चेहरा पडला. क्षणभरच, पण पडला. ज्यांनी आपल्याला लिहायला शिकवलं त्यांच्या जगण्याने आपण हिरमुसलो, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली. काकूंनी पाहिलं की नाही, कोण जाणे. "बरं झालं," तो म्हणाला, पण ते शब्द जरा उशिराच आले.

आत सर उशीला टेकून पडले होते. नुसती हाडं नि डोळे उरले होते. त्यांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"खंड गेला?"

"पाचला जातोय."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. काकू पाठमोऱ्या उभ्या राहून औषधं मांडून ठेवत होत्या. सरांनी त्याचा हात हातात घेतला आणि काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तू फार खपलास रे. माझ्याकडूनच वेळेवर जमलं नाही."