खिडकी, भिंत आणि दार

मी मुळातच तापट. कुणी 'सगळे असंच म्हणतात' असं म्हणालं की माझं डोकंच फिरतं. म्हणून म्हैसूरला नजरबादमधल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारचा मराठी वर्ग सुरू केला, तेव्हा शुद्धलेखनाच्याही आधी मुलांना एक खेळ शिकवला. मी वाक्य बोलायचं, मुलांनी पळायचं. तपासून बघता येईल असं वाक्य असेल तर भिंतीकडे. कुणाचं नुसतं मत असेल तर खिडकीकडे. आणि घाई करून, भीती घालून आपल्याला ढकलणारं असेल, तर दाराकडे.

'चामुंडीच्या टेकडीला पायऱ्या आहेत.' भिंत! 'इथल्या होळिगेपुढे आपली पुरणपोळी म्हणजे काहीच नाही.' खिडकी! पण तिथे पोचेपर्यंत भांडण जुंपलेलं. कारण अर्धी मुलं माझ्यासारख्यांची, हेब्बाळच्या कंपन्यांतल्या नोकरीपायी महाराष्ट्रातून येऊन कुवेंपुनगरात राहिलेल्यांची. उरलेली जुन्या म्हैसूरच्या फौजेतल्या मराठ्यांच्या, पिढ्यान्पिढ्या इथल्याच जुन्या घरांतली. त्यांच्या बोलण्यात मराठीइतकंच कन्नड. मला त्या गोंगाटाचं वेड होतं. आठवडाभर मी त्या दोन तासांची वाट बघायची.

आणि एके दिवशी पालकांच्या ग्रुपवर कुठूनसा फिरत एक निरोप आला: 'सगळे पालक मुलांना वर्गातून काढत आहेत. तिथे मराठी बिघडते. उशीर करू नका, आजच निर्णय घ्या.' लगोलग मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. "बाई, रविवारी मी स्वतः येतो. मुलं नसतील तर हॉल कराटेवाल्यांना देऊन टाकू."

माझा जीव अर्धा झाला. रागही असा आला की भाजीत दोनदा मीठ पडलं.

रविवारी आली जेमतेम निम्मी. अध्यक्ष प्लास्टिकच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले. आता लपवायचं काय? मी तोच निरोप मुलांना मोठ्यानं वाचून दाखवला.

मग सगळीच्या सगळी पोरं उठली आणि दाराकडे धावत सुटली.

"संपलं म्हणायचं," अध्यक्ष उठत म्हणाले. मीही दोन पावलं दाराकडे टाकली. चालली की ही! पण उंबऱ्यापाशी सगळी थांबली आणि माझ्याकडे वळून दात काढायला लागली. अगं बाई, खेळ! मीच शिकवलेला, आणि मीच विसरले.

जुन्या घरातली एक मुलगी, दोन वेण्यांची, भलती फटकळ, तिथूनच ओरडली, "सगळे अंद्रे यारू, मिस? कोणाला विचारलं?"

खरंच की! सगळे म्हणजे कोण? माझा फोन स्पीकरवर टाकून आम्ही न आलेल्यांच्या घरी विचारायला लागलो. कुवेंपुनगरातल्या एक आई म्हणाल्या, "जुन्या लोकांना आमचा राग आलाय, त्यांनी सोडला ना वर्ग?" एका जुन्या घरातले वडील म्हणाले, "तुम्हा नव्या लोकांना आमची मराठी नको झाली, अल्वा, खरं ना?" प्रत्येक घर दुसऱ्यांनी वर्ग सोडला म्हणून घरी बसलेलं! एकानंही दुसऱ्याला विचारलेलं नाही. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

वर्ग सुटायच्या आत खाली स्कूटर लागायला लागल्या. उशिरा आलेली पोरं जिन्यातच ओरडत होती, "मिस, आज काय चाललंय?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मुलं फार हुशार आहेत हो!"

पोरं खिडकीकडे पळाली. अध्यक्षसुद्धा हसले. "बरं बरं. हॉल तुमचाच, झालं?"

आता मात्र कुणी हललं नाही. सगळ्यांनी त्या वेण्यावालीकडे बघितलं. ती अध्यक्षांसमोर गेली आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या, काका."

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. तेव्हा कुठे सगळी पोरं भिंतीकडे धावली. त्यांच्या मागोमाग मीही.