पेटीतला त्रिशूळ

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोघी मोबाइलवरच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये भेटतो आणि त्रिशूळ शोधतो. नदीतल्या एखाद्याच भुताकडे तो असतो म्हणे. वर्ष झालं, मिळत नाही.

घरातून कुणाला रिकाम्या हाती निघू द्यायचं नाही, ही माझी सवय गेममध्येही सुटलेली नाही. आज तिच्या पेटीत वाटेसाठी पाव ठेवायला गेले, तर तळाशी त्रिशूळ. वापरून चांगला झिजलेला.

लहानपणी ती लपायची, तेव्हा पडद्याखाली तिची पावलं दिसत असूनही मी घरभर शोधत फिरायचे.

"आई, काय करतेयस?" फोनवर तिचा आवाज आला.

मी झाकण लावलं.

"पाव ठेवत होते गं. चल, आज पलीकडची नदी बघू."