टेबलावर काहीच नव्हतं

लायब्ररीत त्याला सगळे हळूमामा म्हणायचे. बोला हळू, चाला हळू, पान उलटा हळू. दिवसभर तोंडात दुसरा शब्द नाही. हुद्दा शिपायाचा, पण मागच्या तांत्रिक खोलीत राज्य त्याचंच. तिथे लेथ, वेल्डिंग, मोटार वाइंडिंग, पंपदुरुस्ती अशी पुस्तकं. वाचायला यायचे आसपासच्या वर्कशॉपमधले कामगार, पाळी सुटली की, तेलकट हातांनी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे स्वतःच्या नावावर पत्त्याचा पुरावा कुठून असणार? पुरावा नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून पुस्तक घरी नेता येत नाही. मामा म्हणायचा, "नको नेऊस. इथे बसून वाच. आधी हात धू. आणि वाचून झालं की जिथून घेतलंस तिथेच ठेव, नाहीतर उद्या दारात उभं करणार नाही."

ही शिस्त त्याने वर्षानुवर्षं ओरडून लावली होती. संध्याकाळी खोली बंद करताना टेबलं लख्ख. त्याची बायको टोमणा मारायची, "घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि तिकडे लोकांना वळण लावतात!"

मग लायब्ररी आधुनिक झाली. पुस्तकांना चिप लागली, दाराला आपोआप उघडणारं फाटक. बदलत्या तंत्रज्ञानात ग्रंथालयं कशी टिकतील, यावर अभ्यास करणारा एक संशोधक आला. भरदुपारी, कामगार कामावर असताना, त्याने तांत्रिक खोलीत डोकावलं. मामाला एका शब्दाने विचारलं नाही. शिपायाला काय विचारायचं! अहवालात लिहिलं: वापर शून्य. पुस्तकं रद्दीत काढावीत, त्या जागी डिजिटल कक्ष करावा.

मामा तरातरा ग्रंथपाल बाईंकडे गेला.

"बाई, शून्य? संध्याकाळी तिथे बसायला खुर्ची मिळत नाही!"

"मामा, बसून वाचलेली पुस्तकं आपण मोजतो कशी? बंद व्हायच्या वेळी टेबलांवर जी पडलेली असतात, ती स्कॅन करतो. तुमच्या टेबलांवर कधी काहीच नसतं."

"म्हणजे आम्ही पसारा केला असता तर..."

"वाचकांनी पुस्तकं जागेवर ठेवू नयेत, अशी सूचना लावली होती की."

"मला वाटलं, ती पुढच्या हॉलमधल्या गबाळ्यांसाठी आहे."

बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. अहवालावर निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. तोवर आकडा दाखवा, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मामाने खोलीत फर्मान काढलं, "आजपासून पुस्तकं टेबलावरच टाकून जायची."

एक मोटार वाइंडिंगवाला रोजचं गिऱ्हाईक. त्याने डोळा मारला. "परीक्षा घेताय होय, मामा? आम्ही नाही फसायचो." आणि पुस्तक कपाटात सारलं.

मामाने ते ओढून काढलं आणि टेबलावर आपटलं. "टाक म्हटलं ना! नीट वाग म्हटलं तेव्हा ऐकलंस, आता गबाळा हो म्हणतोय तर ऐकत नाहीस?" मग त्याने सगळं सांगितलं. आठवडाभर टेबलांवर पुस्तकांचे ढीग पडले, सगळे स्कॅन झाले.

समितीला तो आकडा बघूनच संशय आला. शून्यावरून एकदम एवढी उडी? कुणीतरी फुगवलाय. खोटं शून्य या शहाण्यांनी डोळे झाकून मानलं होतं; खरा आकडा आला, तर तो चोर ठरला. मामाला आत कुणी बोलावलंच नाही. बैठक सुटल्यावर त्याने एका सदस्याला दारात गाठलं.

"साहेब, संध्याकाळी थांबा. माणसं दाखवतो."

"सभासद आहेत का ती?"

"नाहीत."

"मग ती आपले वाचक कशी?" साहेब गाडीत बसले.

पुस्तकं टेम्पोत भरायचं काम मामालाच लावलं. खोलीत कॉम्प्युटर आले, मामाला नव्या फाटकाशी स्टुलावर बसवलं. एका संध्याकाळी वाइंडिंगवाला आला, हात धुऊन. फाटक उघडेना.

"कार्ड लागतं रे आता," मामा खाली बघत म्हणाला.

"मग पुस्तक बाहेर आणून द्या. पायरीवर बसून वाचतो."

"गेली सगळी."

"तीन फेजच्या मोटारीचं पण? मी निम्म्यावर होतो, मामा."

"ठाऊक आहे," मामा म्हणाला. "मीच चढवलं टेम्पोत."